राहिलेल्या इच्छांचं नाशिक

त्रिरश्मी डोंगर, इसवी सनाचं दुसरं शतक

चढ संपतो तिथे छिन्नीचे घाव इतके जवळून ऐकू येतात, की दातांखाली कचकच जाणवते. तुम्ही आधाराला हात टेकता तो कातळ दुपारच्या उन्हाने अजून तापलेला आहे. खाली गोवर्धनाचं खोरं, लांबवर गोदावरी. ज्याला पुढे लोक पांडवलेणी म्हणतील, त्या डोंगराच्या पोटात तुम्ही आलात. समोर घडतंय ते लेणं पुढे तिसऱ्या क्रमांकाने ओळखलं जाईल.

ओसरीच्या कठड्यापाशी वाकून बघा. सहा धिप्पाड यक्ष जमिनीतून अर्धे वर आले आहेत आणि लेण्याच्या तुळया त्यांनी खांद्यांवर पेलल्या आहेत. एकाचा गाल कारागीर अजून घासतोय. राखाडी भुकटी त्याच्या मनगटापर्यंत चढली आहे. हे यक्ष पूर्ण देव नाहीत आणि माणसंही नाहीत. झाडात, तळ्यात, वेशीवर राहणारी ही मंडळी. राजी असली तर राखण करतात, चिडली तर धरतात. भिक्खूंच्या या विहारात त्यांना कोणी हाकलून दिलेलं नाही. उलट अख्खा विहार त्यांच्या खांद्यावर दिला आहे.

लेणं देणारी बाई म्हणजे गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. तिचा मुलगा गेला आहे. नातू पुळुमावी गादीवर आहे आणि त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष चालू आहे. भिंतीवर ब्राह्मी अक्षरं कोरली जात आहेत आणि त्यांत ही म्हातारी आपल्या गेलेल्या मुलाचे पराक्रम एकामागून एक सांगते आहे. लेण्यासाठी जे गाव दान दिलं, त्याचं नाव पिसाजिपदक. त्या नावात पिशाची स्पष्ट ऐकू येते.

गेलेल्यांचं आणि न दिसणाऱ्यांचं काय करायचं, या प्रश्नाचं नाशिकचं एक जुनं उत्तर तुमच्यासमोर दगडात आहे. त्यांना जागा द्या, काम द्या आणि त्यांचं नाव घ्या. आता अठराशे वर्षं पुढे या आणि हे उत्तर कितपत टिकलं ते पाहा.

रामकुंड, डिसेंबर १९०९

नाशिकरोडहून घोड्यांच्या ट्रामने तुम्ही गावात शिरलात आणि पहाटेच घाटावर आलात. मार्गशीर्षातली थंडी आहे. अंगावरची घोंगडी कितीही आवळली तरी गार वारा मानेत शिरतो. पाण्यावर वाफ तरंगते. नारोशंकराच्या देवळातली ती मोठी घंटा, वसईच्या विजयाची खूण, धुक्यात नुसती काळी दिसते. रामकुंडात अस्थी विरून जातात अशी श्रद्धा असल्याने लांबलांबचे लोक इथे आले आहेत. कोणाच्या हातात तांब्याचा गडू आहे, कोणाच्या हातात मडकं.

पायऱ्यांच्या कडेला एक घोळका बसला आहे. पंचविशीचा एक तरुण, डोकं नुकतंच भादरलेलं. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, आज दहावा दिवस. बाळ जगलंय, घरी आत्याजवळ आहे. भाताचा पिंड, त्यावर तीळ, शेजारी पाण्याची धार. गुरुजींनी खूण केली तसे सगळे चार पावलं मागे सरले. तुम्हीही सरा.

कावळे आहेत. देवळाच्या भिंतीवर सातआठ बसलेत. एक खाली येतो, पिंडाभोवती दोन उड्या मारतो आणि परत जातो. घोळक्यात कुजबुज सुरू होते. "इच्छा राहिलीय तिची."

सासरा हात जोडून पुढे होतो. "पोरी, बाळाची चिंता करू नको. आम्ही आहोत." कावळा हलत नाही. सासू पदर सावरत म्हणते, "तुझे दागिने तुझ्याच लेकराला. कोणी हात लावणार नाही." भिंतीवर नुसती काव काव. नवरा खालच्या मानेने उभा आहे. त्याची थोरली बहीण त्याच्या वतीने बोलते, "दुसरी आली तरी तुझा टाक तिच्या गळ्यात असेल. आधी तुझ्या नावाचं हळदीकुंकू, मग तिचं." तरीही नाही. शेवटी सासूचा आवाज फुटतो. "आठव्या महिन्यात माहेरी जायचं म्हणत होतीस. मीच नको म्हटलं. चुकलं माझं, बाई."

कावळा उतरतो आणि पिंडाला चोच लावतो. सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो.

उद्या कोणी तुम्हाला सांगेल की कावळ्याला भूक लागली होती. तसं असेलही. कावळा आलाच नसता, तर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला असता आणि विधी पुरा झाला असता. पण तुम्ही आत्ता जे ऐकलंत ते कावळ्यापुरतं नव्हतं. जी सासू सुनेशी जिवंतपणी असं बोलू शकली नाही, ती भर घाटावर चार लोकांसमोर बोलली. ती सून जाताना काय मागत होती, हे घराला दहा दिवस विचारावं लागलं. मराठी मुलखातल्या भुताखेतांच्या समजुतीचं मूळ मला इथे दिसतं. मेलेल्याचं काहीतरी देणं लागतो, हे जिवंतांना आतून ठाऊक असतं. ते देणं फिटलं तर माणूस पितर होतो आणि नाही फिटलं तर भूत होतो.

जगभर ही जाणीव आहे. चीनमध्ये वर्षातला एक महिना उपाशी भुतांचा मानतात आणि ज्यांचं मागे कोणी नाही त्यांच्यासाठीही अन्न मांडतात. जपानमध्ये ओबोनच्या दिवसांत पूर्वजांना दिवे लावून घरी बोलावतात आणि दिवे सोडूनच निरोप देतात. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ आणि झेंडूची फुलं मांडतात. आपल्याकडे भाद्रपदाचा वद्य पक्ष आहे. त्यातली अविधवा नवमी खास सवाष्ण गेलेल्या बायकांची.

एक वाडा, त्याच दिवशी दिवेलागणीला

भद्रकालीच्या बाजूला एका जुन्या वाड्याच्या ओट्यावर तुम्हाला बसायला पाट दिला आहे. आत चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज येतो. आजीने कंदिलाची काच फडक्याने पुसली, वात लावली, दिव्याला हात जोडले आणि मगच तुमच्याकडे वळल्या. भुतांचं विचारलंत तर त्या आधी दटावतात. "तिन्हीसांजेला नाव काढू नये." पण नातवंडं भोवती येऊन बसतात आणि आजींनाही राहवत नाही.

"मुंजा पिंपळावर असतो. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा."

"काय करतो तो?"

"काय करणार? खडे मारतो, फांद्या हलवतो. पोरच ते."

आजींचा सूर बदलतो. "पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. डोहाकाठी हाक मारतो, ओ द्यायची नाही. पैसा पुरून ठेवला आणि कोणाला न सांगता मेला तो समंध, तो त्या हंड्यावर बसून राहतो. त्र्यंबकच्या वाटेवर चकवा लागतो. रात्रभर चालावं आणि सकाळी बघावं तर निघालो तिथेच. मग काय करायचं? खाली बसायचं. उजाडल्यावर वाट आपोआप सापडते." अमावास्येच्या रात्री वेताळाची स्वारी कशी निघते, पुढे मशाली आणि मागे सगळी भुतावळ, हेही त्या सांगतात. धाकटा नातू त्यांच्या मांडीत शिरतो.

मग मुलं ऐकत नाहीत ना हे बघून त्या आवाज खाली आणतात. "बाळंतपणात गेली ती हडळ. कोणी अलवंत म्हणतात. पुढून बघशील तर देखणी, हिरवं लुगडं, केस मोकळे. पाठ पोकळ, पाय उलटे." त्या थांबतात. "माझी जाऊ गेली तशी. सतरा वर्षांची होती. विहिरीवर दिसते म्हणतात लोक. मला कधी दिसली नाही. दिसली असती तर बोलले असते."

आजींनी सांगितलेली यादी मनात पुन्हा फिरवा. लहानपणी गेलेला मुलगा, बाळंतीण, बुडालेला माणूस, मनातलं मनात ठेवून मेलेला म्हातारा, रात्री रानात हरवलेला वाटसरू. गावात लोक कशाकशाने मेले याची ही नोंदवही आहे आणि ती लिहिता न येणाऱ्यांनी ठेवली आहे. ज्या घरांत दर दोनचार वर्षांनी कोणीतरी तान्हं किंवा बाळंतीण जात होती, तिथे हडळ आणि मुंजा ही करमणूक नव्हती.

उलटे पाय आपल्यापुरते नाहीत. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या डोंगरांत सिगुआपा नावाची लांब केसांची बाई असते, तिचे पाय उलटे. ब्राझीलच्या जंगलातल्या कुरुपिराचेही तसेच. जपानची उबुमे बाळंतपणात मेलेली. रात्री वाटसरूला गाठून ती आपलं बाळ जरा धरायला सांगते. मलायी मुलखातली पोंतियानाक हीदेखील बाळंतीणच. या बायकांची एकमेकींशी कधी गाठ पडलेली नाही. पण बाई मूल जन्माला घालताना मरते, हा अनुभव जिथे जिथे होता तिथे ती रात्री परत आली. बंगालचा ब्रह्मदैत्य आणि आपला ब्रह्मसमंध तर सख्खे भाऊ शोभतात.

एक गोष्ट मात्र ऐकताना टोचते, आणि ती टोचायलाच हवी. भुतांमध्येही जाती आहेत. मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणाचे, खवीस दुसऱ्याचा. कोणाचा मान मोठा, कोणाला उतारा कुठे ठेवायचा, हे सगळं ठरलेलं. मेल्यावरही पायरी सुटत नाही. याच नाशिकच्या पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू होईल आणि पुढे काही वर्षं चालेल. भुतांना वेशीबाहेर ठेवणाऱ्या समाजाने जिवंत माणसांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं. ही लोकसमजूत वारसा म्हणून घेताना तिच्यातला हा भाग तिथेच टाकून यायचा आहे.

विजयानंद नाट्यगृह, २१ डिसेंबर १९०९

रात्री तुम्ही गर्दीबरोबर विजयानंद नाट्यगृहाकडे सरकता आहात. चांदणं आहे, दिव्यांच्या उजेडात माणसांच्या तोंडची वाफ दिसते. किर्लोस्कर मंडळींचं 'शारदा' लागलं आहे. कलेक्टर जॅक्सनसाहेबांची मुंबईला बदली झाली आहे आणि त्यांच्या निरोपाचा हा खेळ आहे.

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन. संस्कृतच्या व्यासंगामुळे लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणतात. दिवेलागणीला तुम्ही आजींना जे विचारलंत, तेच हा माणूस गेली काही वर्षं जमवतो आहे. भुतं कोणती, कुठे राहतात, कशाने धरतात, कशाने सोडतात? विहिरींना, झाडांना, दगडांना लोक काय मानतात? कोकणातले, गुजरातेतले गावोगावचे शाळामास्तर अशा प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवत आहेत. दिवसभर मुलांकडून पाढे घोकून घ्यायचे आणि रात्री समईच्या उजेडात आपल्या गावचा देवचार, आपल्या गावची जखीण कागदावर उतरवायची, असं ते काम. मराठी लोकसमजुतीचे ते पहिल्या फळीतले लेखक आहेत.

हाच जॅक्सन नाशिकच्या तरुणांच्या मनात मात्र वेगळ्या कारणाने सलतो आहे. याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यांना खटल्यावर धाडणारा अधिकारी हाच. साहेब दारातून आत येतात. लोक वाट करून देतात. मग गोळ्यांचे आवाज येतात, खुर्च्या पडतात, माणसं एकमेकांवर कोसळतात. पिस्तूल चालवणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे हा अठराएक वर्षांचा मुलगा आहे. जॅक्सन तिथेच पडतात.

इतिहास या रात्रीला स्वातंत्र्यलढ्यातली रात्र म्हणून ओळखतो आणि ते बरोबरच आहे. पण भुतांच्या मागावर आलेल्या तुम्हाला आणखी दोन गोष्टी दिसतील. पहिली, रंगमंचावर कोणती गोष्ट होणार होती ती. गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' १८९९ सालचं. कांचनभट पैशासाठी आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. अशा मुली त्या काळी गावोगाव होत्या. त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला त्या आधी मराव्या लागत, मग जखीण होऊन कोणाच्या तरी अंगात याव्या लागत. देवलांनी त्या मुलीला जिवंतपणी बोलायला लावलं.

दुसरी गोष्ट जॅक्सनच्या कागदांची. त्यांच्यामागे आर. ई. एन्थोवेन यांनी ते कागद लावले आणि छापले. १९१४ साली गुजरातचा खंड निघाला, १९१५ साली कोकणचा. पानांच्या तळाशी त्या मास्तरांच्या गावांची नावं आहेत. ज्या शहरात जॅक्सनचा शेवट झाला, त्या नाशिकच्या नावाचा स्वतंत्र खंड मात्र त्यात नाही. आजींची जाऊ कोणाच्या कागदावर आली नाही.

त्र्यंबकेश्वर, त्यानंतरचा आठवडा

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, अहिल्या नदीच्या संगमाजवळ, सोवळं नेसलेल्या एका शेतकरी कुटुंबाशेजारी तुम्ही उभे आहात. नारायण नागबळीचा विधी चालू आहे. तीन दिवसांचं हे काम असतं. पाच कलशांवर पाच प्रतिमा मांडल्या आहेत. विष्णूची सोन्याची, ब्रह्म्याची चांदीची, रुद्राची तांब्याची, यमाची लोखंडाची आणि प्रेताची शिशाची. शिशाची ती प्रतिमा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मळकी दिसते. सारा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

मग कणीक मळली जाते. धोतराचा काचा मारलेला थोरला भाऊ त्या कणकेचा देह करतो. डोकं, हात, पाय. त्याची बोटं चिकट झाली आहेत, तरी तो पायाची बोटं वेगवेगळी करत बसला आहे. गुरुजी पुरे म्हणतात, तो थांबत नाही. त्याचा धाकटा भाऊ पुरात वाहून गेला. शरीर सापडलं नाही, अग्नी देता आला नाही. आज त्या कणकेच्या देहाला अग्नी मिळणार आहे.

हा विधी कोणासाठी करतात ते विचारा. बुडालेला, जळालेला, झाडावरून पडलेला, साप चावलेला, स्वतःच्या हाताने गेलेला. आजींची यादी आणि शास्त्राची यादी इथे एकमेकींना येऊन मिळतात. ओट्यावर त्याला गिऱ्हा म्हणतात, पोथीत प्रेत म्हणतात. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. ज्याला नीट निरोप देता आला नाही, त्याचं आता काय? कणकेच्या पायाला बोटं करत बसलेला तो भाऊ त्याचं उत्तर हाताने देतो आहे. या विधीच्या नावाने पुढे किती बाजार भरेल हे तुम्हाला माहीत आहे. तरी त्या भावाची बोटं खरी आहेत.

नाशिक, धुळवड, मार्च १९१०

होळीची राख अजून धुमसते आहे आणि गल्ल्या संबळ-हलगीने दणाणल्या आहेत. बाजूला उभे राहा, नाहीतर रेट्यात वाहून जाल. समोरून वीर येत आहेत. माणसांच्या हातात खोबऱ्याच्या वाट्या, वाटीत लाल कापडात बसवलेला टाक. घराण्यात कोणी अकाली गेला, लढता लढता गेला, त्याचा हा टाक. वर्षभर तो देवघरात होता. आज त्याला घराबाहेर काढलंय, नाचवत नाचवत रामकुंडावर न्यायचंय, गोदेचं स्नान घालायचंय. कोणी लहान मुलांना देवांचे वेश चढवले आहेत. बायका वीरांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात.

मग गर्दी एकदम दुभंगते. "दाजीबा आले!"

बाशिंग बांधलेला, अंगाला हळद लागलेला, दागिन्यांनी मढलेला नवरदेव येतो आहे. याची गोष्ट शेजारची बाई तुम्हाला सांगते. दिंडोरीकडच्या जानोरीचा हा गवळी, खंडोबाचा भक्त. लग्न ठरलं होतं, हळद लागली होती. चोरांनी गाठलं, तो लढला आणि पडला. लग्न राहूनच गेलं. म्हणून दर धुळवडीला नाशिक त्याची वरात काढतं. ज्यांची लग्नं जमत नाहीत ते याला नवस बोलतात.

थोडं थांबून आजींचा मुंजा आठवा. तोही लग्नाआधी गेलेला, हाही. एक पिंपळावर एकटा खडे मारतो आणि दुसऱ्यासाठी अख्खं गाव वाजतगाजत रस्त्यावर येतं. मृत्यू दोघांचेही अकाली. फरक मागे राहिलेल्यांनी केला. चीनच्या काही भागांत अविवाहित मेलेल्यांची लग्नं लावायची चाल होती, पण ती दोन घरांतली गोष्ट. नाशिकने आपल्या राहिलेल्या नवरदेवाला साऱ्या शहराची वरात दिली. आईबापांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं दुःख वर्षातून एक दिवस उघड्यावर येतं आणि शेजारीपाजारी त्याला खांदा देतात. भीतीचं मानात रूपांतर करण्याची यापेक्षा सुंदर रीत मी पाहिलेली नाही.

तुम्ही या गर्दीत उभे आहात तेव्हा अनंत कान्हेरे कोठडीत आहे. १९ एप्रिल १९१० रोजी त्याला आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी होईल. आज शहराच्या मध्यावर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. अकाली गेलेल्याला वीर करण्याची रीत नाशिकने सोडलेली नाही.

महाराष्ट्र, ऑगस्ट २०१३ आणि आज

परतीच्या वाटेवर एक थांबा टाळता येणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या जातात. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटत होते. काही दिवसांतच अध्यादेश निघतो आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर होतो. त्या कायद्याची अनुसूची उघडून वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने, साखळीने बांधणं, काठीने, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे, असं पहिल्याच कलमात लिहिलं आहे. लोक हे करत होते म्हणूनच ते लिहावं लागलं. एखादी विधवा, एखादी एकटी राहणारी म्हातारी डाकीण ठरवली जाते, गावाबाहेर काढली जाते, तिची जमीन कोणाच्या तरी घशात जाते. भुताला चाबूक लागत नाही. चाबूक लागतो तो जिवंत बाईच्या पाठीला.

घाटावरचा कावळा आणि हा चाबूक एकाच समजुतीतून आले आहेत, हे मान्य करायला हवं. पण ते दोन वेगळ्या रस्त्यांनी गेले. घाटावर लोकांनी विचारलं, तुझं काय राहिलं? चाबूकवाल्याने विचारलं, तू कधी जातोस? पहिल्या प्रश्नातून दाजीबाची वरात निघते, गळ्यातला टाक येतो, सासूची कबुली येते. दुसऱ्यातून फक्त वळ उठतात. सुनेच्या अंगात येतं तेव्हा ती काय बोलते ते कोणी नीट ऐकलंय का? उपाशी ठेवलं, माहेरी धाडलं नाही, मारलं, हेच ती बोलते. भूत निघण्याआधी ते गाऱ्हाणं ऐका, मग तिला चांगल्या डॉक्टरकडे न्या. दोन्ही करा.

आणि एक काम तुमच्या हातचं आहे. नाशिकचा तो न निघालेला खंड आजही घरोघरच्या आज्यांच्या, काकांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं आता थकत चालली आहेत. भूत दिसलं का, असं त्यांना विचारू नका. ते भूत म्हणजे कोण होतं, काय वयाचं होतं, कशाने गेलं, त्याला काय मिळायचं राहिलं, ते विचारा. मिळालं तर नाव लिहा, गाव लिहा. मग त्याच कागदाच्या पाठीमागे आजचं लिहा. त्या गावच्या डोहाला कठडा झाला का? त्या पाड्यावरच्या बाळंतिणीपर्यंत दवाखान्याची गाडी वेळेत पोचते का? ती पोचत नसेल, तर हडळीची गोष्ट अजून संपलेली नाही आणि ती संपवणं हे आपल्याकडे राहिलेलं देणं आहे.